श्वान पेशी कोणाचं ऐकतात?

अंधारात चालताना पलंगाच्या पायाला करंगळी आपटली की एक नाही, दोन वेदना होतात. कधी लक्ष दिलंय? पहिली टोचल्यासारखी असते, ती लगेच कळते. मग क्षणभर बरं वाटतं आणि मागून ठसठस येते. आघात एकच असतो आणि पायापासून कण्यापर्यंतचं अंतरही तेच, साधारण एक मीटर. तरी दोन बातम्या वेगवेगळ्या वेळी पोहोचतात, कारण त्या वेगवेगळ्या तंतूंमधून येतात. पहिली बातमी सेकंदाला साधारण ५ ते ३० मीटर वेगाने धावणाऱ्या तंतूंमधून येते, तर दुसरी सेकंदाला जेमतेम एक मीटर सरकणाऱ्या तंतूंमधून. फरक कशाचा? काही अंशी तंतूच्या जाडीचा, आणि मुख्यतः मायलिनचा. पहिल्या तंतूंवर मायलिन असतं, दुसऱ्यांवर नसतं.

मायलिन म्हणजे तंतूभोवती गुंडाळलेलं स्निग्ध आवरण. मेंदू आणि मज्जारज्जूच्या बाहेरच्या नसांमध्ये ते श्वान पेशी तयार करतात. (कुत्र्याशी काही संबंध नाही! थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाचं नाव आहे ते.) एक श्वान पेशी चेतापेशीच्या लांब तंतूचा, म्हणजे अ‍ॅक्सॉनचा, एक छोटा तुकडा धरते आणि स्वतःचंच पटल त्याच्याभोवती पुन्हा पुन्हा गुंडाळते. काडीभोवती सुरळीची वडी गुंडाळावी तसं. दोन श्वान पेशींच्या मध्ये बारीक फट राहते आणि विद्युत संदेश या फटीतून त्या फटीत उड्या मारत जातो. म्हणून तो वेगवान.

आता खरा प्रश्न. एकाच नसेत काही तंतूंवर मायलिन असतं, काहींवर नसतं. ज्यांवर नसतं त्यांच्याभोवतीही श्वान पेशी असतातच, पण त्या अनेक बारीक तंतूंना नुसत्या कुशीत घेऊन बसतात. मग मायलिन करायचं की नाही, हे ठरवतं कोण? श्वान पेशींच्याच दोन जाती आहेत का?

१९७६ मध्ये माँट्रियलच्या अल्बर्ट अग्वायो आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग करून याचं उत्तर शोधलं. त्यांनी मायलिन असलेल्या नसेचं कापलेलं टोक मायलिन नसलेल्या नसेला जोडलं. अ‍ॅक्सॉन वाढत वाढत दुसऱ्या नसेत शिरले. तिथल्या श्वान पेशींनी एरवी मायलिन केलं नसतं, पण या नव्या पाहुण्यांभोवती त्यांनी ते केलं. ‘पहिल्या नसेतल्या श्वान पेशीच सरकत आल्या असतील’ ही शंका येणारच. म्हणून त्यांनी पेशींवर किरणोत्सारी खूण करून त्या कुठून आल्या हेही तपासलं. निष्कर्ष सरळ होता: श्वान पेशींना मायलिन करता येतं, पण हुकूम अ‍ॅक्सॉनचा असतो. डिशमध्ये एकट्या श्वान पेशी ठेवल्या तर त्या वाढतात, पण वेढे घालत नाहीत. गुंडाळायला अ‍ॅक्सॉनच नाही आणि सांगायलाही कोणी नाही.

हुकूम पोहोचतो कसा?

हा निरोप म्हणजे न्यूरेग्युलिन-१ नावाचं प्रथिन. त्याचा इथे महत्त्वाचा असलेला प्रकार, टाइप-३, अ‍ॅक्सॉनच्या पृष्ठभागाला चिकटलेला असतो. त्यामुळे श्वान पेशीला तो स्पर्शानेच वाचावा लागतो. वाचण्यासाठी तिच्याकडे दोन ग्राही प्रथिनं आहेत, एर्बबी-३ आणि एर्बबी-२. गंमत अशी की एर्बबी-३ला निरोप पकडता येतो, पण पुढे देण्याची ताकद त्याच्यात जवळपास नाही. एर्बबी-२मध्ये ताकद आहे, पण त्याला निरोप पकडता येत नाही. दोघं जोडीने आले तरच काम होतं. मग पेशीच्या आत पीआय-३-के, एकेटी, एमटॉर अशी साखळी चालू होते आणि पटल बनवायला लागणाऱ्या मेदाच्या आणि प्रथिनांच्या निर्मितीला वेग येतो.

पण एवढ्यावर भागत नाही. संयुक्त खात्याला जशा दोन सह्या लागतात, तशी इथेही दुसरी सही लागते. ती जीपीआर-१२६ या ग्राहीची, जो पेशीतलं सायक्लिक एएमपी वाढवतो. २००९ मध्ये झेब्राफिश या छोट्या माशांमध्ये दिसलं की हा ग्राही बिघडला तर श्वान पेशी एकेका अ‍ॅक्सॉनला धरून तयार उभ्या राहतात, पण गुंडाळायला सुरुवातच करत नाहीत. हे संदेश शेवटी केंद्रकात पोहोचतात आणि क्रॉक्स-२० नावाचा मुख्य स्विच चालू होतो. माणसात त्याच्या जनुकाला ईजीआर-२ म्हणतात. त्यात बिघाड झाला तर लहानपणापासूनच नसांचे गंभीर आजार होऊ शकतात.

मात्रा महत्त्वाची

निरोप ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढाच असता तर गोष्ट सोपी होती. पण श्वान पेशी त्याचं प्रमाणही मोजते. २००४ मध्ये जर्मनीतल्या गटाने दाखवलं की न्यूरेग्युलिनच्या जनुकाची एकच प्रत असलेल्या उंदरांमध्ये मायलिन पातळ होतं आणि चेतापेशींत हे प्रथिन जास्त बनवलं तर मायलिन जाड होतं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटाला डिशमध्ये याहून थक्क करणारी गोष्ट दिसली. ज्या अ‍ॅक्सॉनवर एरवी मायलिन चढत नाही, त्यांना टाइप-३ न्यूरेग्युलिन बनवायला लावलं, तर त्यांच्यावरही मायलिन चढलं. म्हणजे एका पातळीच्या खाली नुसती सोबत, वर गेलं की वेढे, आणि आणखी वर गेलं की जास्त वेढे. साधारण एक मायक्रॉनपेक्षा (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड अ‍ॅक्सॉनवरच मायलिन का दिसतं, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

ऐकणं कधी थांबत नाही

मला स्वतःला या विषयात सर्वात जास्त धरून ठेवणारी गोष्ट ही: मायलिन एकदा केलं की काम संपलं, असं नाही. श्वान पेशी आयुष्यभर अ‍ॅक्सॉनचा कानोसा घेत असते. नस कापली गेली की क्रॉक्स-२० बंद पडतो, सी-जून नावाचं दुसरं प्रथिन वर येतं आणि पेशी आपलंच मायलिन मोडून टाकते. हा बिघाड नाही, दुरुस्तीची तयारी आहे. याच पेशी रांगा लावून नव्या अ‍ॅक्सॉनला वाट दाखवतात. पण अ‍ॅक्सॉन वाढतो दिवसाला साधारण एक मिलिमीटर. कोपराजवळ कापलेल्या नसेला बोटापर्यंत ३० सेंटिमीटर जायचं असेल तर ३०० दिवस झाले! तोवर पुढे वाट बघणाऱ्या पेशींचा जोर ओसरतो. अपघातात नस तुटलेल्या माणसाच्या हातात पूर्वीसारखी ताकद का येत नाही, याचं हे एक मोठं कारण आहे.

ही संवादाची वाट एका जिवाणूने मात्र अचूक हेरली आहे, कुष्ठरोगाच्या. आनंदवनामुळे महाराष्ट्राला हा आजार परका नाही, आणि आजही जगातल्या नव्या नोंदींपैकी निम्म्याहून जास्त भारतात होतात. हा जिवाणू श्वान पेशींमध्ये राहतो. २००६ मध्ये संशोधकांना असं दिसलं की तो एर्बबी-२ला थेट चिकटतो आणि एर्बबी-३ची सोबत नसतानाच त्याला चालू करतो. अ‍ॅक्सॉनने न पाठवलेला निरोप पेशीच्या आत जातो आणि मायलिन सुटायला लागतं. रुग्णाच्या नसांचं बरंचसं नुकसान त्याच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीच्या दाहामुळेही होतं, हे इथे सांगायलाच हवं. बहुविध औषधोपचाराने जिवाणू मरतो आणि रोग बरा होतो. पण नस फार खराब झाली असेल तर हरवलेली संवेदना अनेकदा परत येत नाही. म्हणून बधिर चट्टा दिसला की लगेच तपासणी करायची.

बघा, त्याच एर्बबी-२वर अ‍ॅक्सॉनचा निरोप आला तर मायलिन बांधलं जातं आणि जिवाणूचा आला तर मोडतं. म्हणूनच ‘नसांचा आजार आहे ना, मग द्या न्यूरेग्युलिन’ इतकं हे सोपं नाही. शार्को-मारी-टूथ १-ए या आनुवंशिक आजारात पीएमपी-२२ या मायलिनच्या जनुकाची एक प्रत जास्त असते. तशा उंदरांच्या पिल्लांना जन्मानंतर लवकर न्यूरेग्युलिन दिलं, तर मोठेपणीही त्यांच्या नसा बऱ्यापैकी काम करत राहिल्या, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. उपचार थोड्याच दिवसांचा होता, पण त्याची वेळ योग्य होती. माणसातली ती योग्य वेळ कोणती आणि मात्रा किती, हे शोधायचं काम अजून बाकी आहे.