चार पडदे आणि एक प्रश्न

भोकरदन तालुक्यातलं पिंपळगाव रेणुकाई मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जातं. अशा गावात सप्ताहाचा मंडप उभा राहिला की शेवटच्या रांगेतल्या आजीला कीर्तनकार बोटाएवढा दिसतो. मग मधे मधे पडदे लावायचे आणि प्रत्येकाला एक प्रोजेक्टर.

पंचाईत होते रिमोटनं. एकाच बनावटीचे दोन प्रोजेक्टर जवळ असले की एकाच किरणानं एक चालू होतो, दुसरा बंद पडतो. शिवाय रिमोट नुसतं सांगतो; पलीकडून उत्तर येत नाही. उत्तर हवं तर तार ओढावी लागते.

प्रोजेक्टरच्या पाठीवरचं नऊ पिनांचं सिरियल पोर्ट म्हणजे आरएस-२३२. हे मानक १९६० सालचं, पण अजून भरवशाचं. बोलणारी, ऐकणारी आणि ग्राउंड अशा तीन तारांत काम भागतं. बोलणारी कुठली, हे मल्टिमीटर सांगतो: काळं टोक पाच नंबरच्या पिनेला, लाल टोक आधी दोनला, मग तीनला. जिथे उणे पाच ते बारा व्होल्ट दिसतात, ती बोलणारी. लॅपटॉप आणि प्रोजेक्टर, दोन्हीकडच्या बोलणाऱ्या पिना एकमेकींना जोडल्या तर सगळं गप्प. मग केबलमधल्या त्या दोन तारांची अदलाबदल करून घ्यायची.

पण ही तार साधारण १५ मीटरपर्यंतच धड चालते आणि मंडप त्याहून कितीतरी लांब. तिथे १०० मीटर जाणारी लॅनची केबल आणि एक नेटवर्क स्विच कामाला येतो. पोत्यावर मालकाचं नाव असावं तसा प्रत्येक निरोपावर पत्ता असतो, म्हणून प्रत्येक प्रोजेक्टरला वेगळा आणि कायमचा आयपी पत्ता द्यायचा. एकदा माझ्या हातून दोघांना एकच पत्ता गेला. उत्तर कधी डावीकडून येई, कधी उजवीकडून, आणि मी तासभर धडधाकट केबली बदलत बसलो होतो. आणखी एक: स्टँडबायमध्ये नेटवर्क चालू ठेवण्याची सोय मेनूत शोधून ठेवावी, नाहीतर झोपलेला प्रोजेक्टर हाकेला ओ देत नाही.

सिरियल तारेवर प्रत्येक कंपनीची भाषा निराळी. नेटवर्कवर मात्र २००५ साली जपानमध्ये ठरलेली पीजेलिंक ही सामाईक भाषा आहे. तिचं दार, म्हणजे नेटवर्क पोर्ट, ४३५२ क्रमांकाचं. 'चालू आहेस का?' या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर येतं: ० म्हणजे बंद, १ चालू, २ थंड होतोय, ३ तापतोय.

मला यातला २ सगळ्यात मोलाचा वाटतो. प्रोजेक्टरमधल्या पाऱ्याच्या दिव्यात, तो पेटलेला असताना, हवेच्या सुमारे २०० पट दाब असतो. बंद केल्यावरही पंखा काही वेळ फिरावा लागतो. तेवढ्यात वीज गेली तर दिव्याचं आयुष्य घटतं. म्हणून कीर्तन संपलं, पसायदान झालं, जनरेटरवाला हात उंचावून विचारू लागला, तरी मी लॅपटॉपवरून नजर काढत नाही. ०, ०, २, ०. तिसरा अजून थंड होतोय. त्याचाही ० आला की मी मान हलवतो.