प्राप्तिकराऐवजी विक्रीकर : राहुरीच्या ऊसउत्पादकाच्या दृष्टीने

प्राप्तिकर रद्द करून त्याच्या जागी देशभर एकच विक्रीकर बसवावा, अशी सूचना अधूनमधून मांडली जाते. प्रत्येकाच्या मिळकतीचे हिशेब तपासण्यापेक्षा विकल्या जाणाऱ्या मालावर कर घेणे सोपे, हा तिचा मुख्य आधार. राहुरीसारख्या ऊस पिकविणाऱ्या तालुक्यास ही सूचना कितपत लाभदायक ठरेल, एवढाच विचार येथे करावयाचा आहे.

मिळकत कशास म्हणावे हे ठरविणे कठीण असते, हे मान्य केलेच पाहिजे. सहकारी साखर कारखाने सभासदांना वैधानिक किमान दरापेक्षा उसाचा जो अधिक दर देत, तो कच्च्या मालाचा खर्च की नफ्याची वाटणी, हा वाद कारखाने व प्राप्तिकर खाते यांच्यात अनेक वर्षे चालला. तासगाव तालुका सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, जादा दरातील नफ्याचा अंश तेवढा वेगळा काढावा. बाकीची रक्कम खर्चच होय. पुढे 2023 च्या अर्थसंकल्पात 2016-17 पूर्वीच्या अशा रकमा खर्च म्हणून धरण्याची मुभा मिळाली. ही सवलत सुमारे 10,000 कोटी रुपयांची असल्याचे अर्थमंत्र्यांनी सांगितले. विक्रीकरात हा वाद उद्भवलाच नसता.

परंतु भार कोणावर पडतो, हा प्रश्न याहून महत्त्वाचा. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा प्राप्तिकर नाही. घटनेने तो विषय राज्यांकडे सोपविला आहे. अर्थात केवळ शेतीवर जगणाऱ्याचे प्राप्तिकर गेल्याने काहीच सुटत नाही. खरेदीवर मात्र तो कर देतोच. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर सुरू झाला, तेव्हा खतांसाठी आधी ठरलेला 12 टक्के दर ऐनवेळी, आदल्या दिवशी, 5 टक्क्यांवर आणावा लागला. ट्रॅक्टर व ठिबक सिंचनाच्या संचावरील दर सप्टेंबर 2025 मध्ये 12 वरून 5 टक्के झाला. व्यापारी आपण भरलेला कर पुढील विक्रीच्या करातून वजा करतो. शेतकऱ्याचा ऊस करमुक्त. त्यामुळे वजावट कशातून करणार? करमुक्तीची ही दुसरी बाजू सहसा ध्यानात घेतली जात नाही. प्राप्तिकराची तूट भरण्यासाठी हेच दर बरेच चढवावे लागतील.

समजा, एका कुटुंबाची प्राप्ती 2 लाख व खर्चही 2 लाख. दुसऱ्याची प्राप्ती 20 लाख, खर्च 10 लाख. खर्चावर 15 टक्के कर घेतल्यास पहिल्याच्या प्राप्तीचे 15 टक्के जातात, दुसऱ्याच्या साडेसातच.

ही विषमता टाळून खर्चावर कर घेण्याचा प्रयोग आपल्याकडे झालेला आहे. निकोलस काल्डॉर यांच्या सूचनेवरून 1957 मध्ये खर्चकराचा कायदा झाला. तो 1962 मध्ये उठला, 1964 मध्ये परत आला, 1966 मध्ये पुन्हा गेला. त्यातही करदात्याला वर्षाचा हिशेब द्यावा लागत होताच, तोही घरखर्चाचा.