विदा विश्लेषण आज्ञावलीचे दस्तऐवजीकरण

विदा विश्लेषण आज्ञावलीचे दस्तऐवजीकरण म्हणजे अनेकांनी मिळून वापरावयाच्या विश्लेषणाच्या संगणकीय आज्ञावलीसोबत ठेवलेले स्पष्टीकरणात्मक लेखन. आज्ञावली संगणकाला काय करावयाचे ते सांगते. ते तसेच का करावयाचे, हे मात्र तिच्यावरून कळतेच असे नाही. ही उणीव दस्तऐवजीकरण भरून काढते.

इतिहास

अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांनी १९८४ साली ‘लिटरेट प्रोग्रॅमिंग’ ही संकल्पना मांडली. आज्ञावली प्रथम माणसाला समजावी अशा रीतीने लिहावी, हे तिचे सूत्र होय. निवेदन, आज्ञावली व आलेख एकत्र ठेवणाऱ्या ज्युपिटरसारख्या आजच्या वह्यांमध्ये हाच विचार दिसतो.

घटक

१. परिचय फाइल (रीडमी): प्रकल्पाचा हेतू, विदेचा उगम, लागणाऱ्या प्रणालींच्या आवृत्त्या आणि फाइली चालविण्याचा क्रम.

२. विदाकोश: प्रत्येक स्तंभाचा अर्थ व एकक. पाऊस मिलिमीटरमध्ये आहे की इंचांत, ‘वर्ष’ म्हणजे जानेवारीपासूनचे की एप्रिलपासूनचे आर्थिक वर्ष, हे येथे नोंदवितात. तापमानाची नोंद नसल्यास -९९९ लिहिण्याचा प्रघात काही संचांत आढळतो. तो ठाऊक नसलेला सहकारी हा आकडा सरासरीत धरून संपूर्ण निष्कर्ष बिघडवू शकतो.

३. टिप्पण्या: ‘येथे ओळी गाळल्या’ ही टिप्पणी निरुपयोगी असते, कारण ते आज्ञावलीतच दिसते. ‘मोजणीयंत्र बदलल्यामुळे या महिन्याच्या नोंदी गाळल्या’ ही टिप्पणी उपयुक्त ठरते.

४. निर्णयनोंद: कोणता पर्याय का स्वीकारला व कोणता का सोडला.

महत्त्व

कारमेन राइनहार्ट व केनेथ रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी २०१० साली सार्वजनिक कर्ज व आर्थिक वाढ यांवर प्रसिद्ध केलेला लेख अनेक देशांतील काटकसरीच्या धोरणांच्या समर्थनार्थ पुढे केला गेला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील विद्यार्थी थॉमस हर्नडन यांना उपलब्ध विदेवरून तेच निष्कर्ष पुन्हा काढता येईनात. लेखकांनी मूळ कार्यपत्रक दिल्यावर एका सूत्रातून पाच देश वगळले गेल्याचे उघड झाले. हर्नडन, मायकेल ॲश व रॉबर्ट पोलिन यांनी २०१३ साली वर्षांची निवड व भारांकन यांवरही आक्षेप घेतले. त्यांच्या गणितानुसार, कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ९० टक्क्यांहून अधिक असलेल्या देशांची सरासरी वाढ उणे ०.१ नव्हे, तर २.२ टक्के होती. लेखकांनी सूत्रातील चूक मान्य केली. इतर आक्षेप मात्र फेटाळले.

सूत्रातील चूक कार्यपत्रक पाहताच सापडते. निवड व भारांकन हे निर्णय असतात. त्यांची कारणे लिहिलेली असतील तरच त्यांची पारख करता येते.

मर्यादा

आज्ञावली बदलली आणि दस्तऐवज जुनाच राहिला, तर तो वाचकाची दिशाभूल करतो. म्हणून दोन्ही एकाच ठिकाणी ठेवून एकाच वेळी बदलणे इष्ट मानले जाते. प्रकल्पात नव्याने आलेल्या व्यक्तीला कोणालाही न विचारता, केवळ दस्तऐवजाच्या आधारे तेच निष्कर्ष काढता येणे, ही त्याची खरी कसोटी होय.