घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे!

माझे मामा मूळचे बेळगावच्या वडगावचे. तरुणपणी हातमाग सोडून सुरतला गेले आणि उधन्यातल्या यंत्रमागांवर स्थिरावले. मामी गोकाकच्या. त्यामुळे घरात मराठी आणि कन्नड, दाराबाहेर गुजराती. लकवा हा शब्द तिन्ही भाषांत चालतो. शब्द आम्हा सगळ्यांना ठाऊक होता, त्याच्या खुणा मात्र ठाऊक नव्हत्या.

दोन वर्षांपूर्वी मी सुरतला गेले होते. सकाळी उठल्यावर मामांच्या उजव्या हातातून कपबशी निसटली. बोलणेही जड येत होते. ‘‘हात अंगाखाली आला असेल,’’ मामी म्हणाल्या. मलाही ते पटले. तेल कोमट करून आम्ही दोघी हात चोळत बसलो. दवाखाना गाठेपर्यंत दुपार झाली.

डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न, ‘‘यांना शेवटचं धडधाकट कधी पाहिलं होतं?’’ रात्री दहाला, जेवून झोपले तेव्हा. वेळ तिथूनच मोजतात, जाग आल्यापासून नाही. मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांत द्यावे लागते. उपचाराविना मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी मरतात. झोपेतून उठल्यावर लकवा दिसला तरी एमआरआय करून काही रुग्णांना औषध देता येते. मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर निवडक रुग्णांची गुठळी २४ तासांपर्यंत काढता येते. म्हणून ‘आता काय उपयोग’ म्हणत थांबू नये. आमचे मामा वाचले, पण उजवा हात अजून पुरता वळत नाही.

तोंड वाकडे होणे, हात खाली पडणे, बोबडी वळणे, एकाएकी तोल किंवा नजर जाणे, यातले एकही दिसले तर १०८ ला फोन करावा. तोंडातून पाणी, गोळी काही देऊ नये. गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कळत नाही.

डॉक्टरांचा पुढचा प्रश्न होता, ‘‘घोरतात का?’’ मामी म्हणाल्या, ‘‘अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे!’’ मराठीत घोरणे, कन्नडात गोरके. आम्ही ते गाढ झोपेचे लक्षण समजत होतो. पण घोरता घोरता श्वास मध्येच थांबत असेल तर तो स्लीप अ‍ॅप्निया. लकवा झालेल्या निम्म्याहून अधिक रुग्णांत तो आढळतो आणि रक्तदाबही वाढवतो.

मामांची झोपेची तपासणी घरीच झाली. आता ते रात्री नाकावर मास्क लावून झोपतात. हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारे हे सीपॅप यंत्र. ही पद्धत ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये मांडली. मास्क किती तास लावला, हवा कुठे गळते, हे मोबाइलवरून डॉक्टरांना दिसते. पहिल्या आठवड्यात मामा मास्क काढून टाकत. डॉक्टरांनी व्हिडिओवर मास्कचा पट्टा सैल करायला सांगितला आणि प्रश्न मिटला. फेरी वाचली, रिक्षाचे भाडेही वाचले.

यंत्राने दुसरा झटका टळतोच, असे २०१६ च्या मोठ्या अभ्यासातही सिद्ध झाले नाही. दिवसाची पेंग मात्र जाते. म्हणून रक्तदाबाची गोळी आणि तंबाखूबंदी चुकवून चालत नाही.

आज रात्री घरात कोण घोरते, आणि घोरता घोरता कोणाचा श्वास थांबतो, एवढे जरूर ऐका.