सोलर लावायचं ठरलं, पण मीटर कोणाच्या नावावर आहे?

मे महिन्याचं वीजबिल आलं की नागपुरातल्या घराघरांत चौकशी समिती बसते. ‘रात्रभर एसी कोण चालवून राहिलं होतं?’ सगळ्यांच्या नजरा तुमच्याकडे. मग पप्पा जाहीर करतात, ‘यंदा सोलर लावूनच टाकू.’ आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं काम आपोआप तुमच्यावर येतं. कारण घरात ‘मोबाइलचं समजणारे’ तुम्हीच.

म्हणूनच हा लेख पप्पांसाठी नाही, तुमच्यासाठी आहे.

पैसे किती आणि कधी?

13 फेब्रुवारी 2024 रोजी केंद्राने ‘पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना’ सुरू केली. लक्ष्य एक कोटी घरांचं, मुदत 2026-27 या आर्थिक वर्षापर्यंत. छतावर 1 किलोवॅटचं सोलर बसवलं तर 30 हजार रुपये, 2 किलोवॅटला 60 हजार आणि 3 किंवा त्याहून जास्त किलोवॅटला 78 हजार रुपये सबसिडी मिळते. त्यापुढे कितीही मोठं बसवा, रक्कम 78 हजारच.

1 किलोवॅटमधून महिन्याला साधारण 120 युनिट वीज तयार होते. म्हणजे 3 किलोवॅटमध्ये मध्यम घराचा वापर बऱ्यापैकी भागतो. त्यासाठी अंदाजे 300 चौरस फूट मोकळं, सावली नसलेलं छत लागतं.

आता नावातला ‘मुफ्त’ हा शब्द. आमच्याकडे आलेला पहिला विक्रेता म्हणाला, ‘पूर्ण फुकट आहे भाऊ, फक्त सही करा.’ तसं नसतं. आधी पॅनल बसतात, मग महावितरणची तपासणी होते, नेट मीटर लागतो आणि त्यानंतर सबसिडी बँक खात्यात येते. तोवर पैसे तुम्हालाच उभे करावे लागतात. 3 किलोवॅटपर्यंत बँका तारण न घेता कर्ज देतात, पण हप्ता हप्ताच असतो. बिलही अगदी शून्य होत नाही. वापर शून्य दिसला तरी ‘स्थिर आकार’ भरावाच लागतो.

आजोबांच्या नावाचं बिल

आम्ही अडकलो ते पैशांवर नाही. मानेवाड्याच्या आमच्या घराचं मीटर आजोबांच्या नावावर होतं. आजोबा जाऊन सहा वर्षं झाली, पण बिल त्यांच्याच नावाने येत राहिलं. पप्पा ते भरत राहिले. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

फॉर्म भरायला बसलो तेव्हा लक्षात आलं की अर्ज वीजग्राहकाच्या नावाने होतो आणि सबसिडीही त्याच्याच खात्यात जाते. आमचा ग्राहक तर फोटोत, हाराच्या मागे. मग मृत्यूचा दाखला शोधला, घराचे कागद काढले, आत्याची आणि पुण्याच्या काकांची ना-हरकत घेतली. काका फोनवर म्हणाले, ‘फक्त मीटरच आहे ना रे?’ त्या एका प्रश्नाने घरात दोन दिवस शांतता होती. सगळं जुळून यायला दोन महिने गेले.

बिलावर पप्पांचं नाव पहिल्यांदा छापून आलं तेव्हा आजीने ते दोनदा वाचलं आणि जुनं बिल घडी करून स्वतःच्या पेटीत ठेवलं.

तुमच्याही घरचं बिल एकदा काढून नाव बघा. नागपुरातल्या जुन्या लेआउटमध्ये हे घरोघरी सापडेल.

फायदा सगळ्यांना सारखा नाही

सोलरच्या अर्जांत नागपूर जिल्हा राज्यात आघाडीवर आहे. कारणं आपल्याला रोज दिसतात. ऊन भरपूर, स्वतंत्र घरं बरीच आणि कूलर-एसीमुळे उन्हाळ्याचं बिल भारी. पण एक गोष्ट नीट समजून घ्या. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांनी वाढतो. पहिल्या 100 युनिटला जो दर, त्याच्या दुपटीच्या आसपास दर पुढच्या टप्प्याला लागतो. त्यामुळे 350 युनिट वापरणाऱ्याची सोलरने महागडी वीज वाचते आणि 80 युनिट वापरणाऱ्याची स्वस्त. म्हणजे ज्याचं बिल आधीच लहान, त्याचे गुंतवलेले पैसे सुटायला जास्त वर्षं लागतात.

ही तफावत भरून काढण्यासाठी राज्याने 2025 मध्ये ‘स्मार्ट’ योजना आणली. दारिद्र्यरेषेखालच्या आणि महिन्याला 100 युनिटच्या आत वापर असलेल्या घरांना 1 किलोवॅटसाठी केंद्राच्या 30 हजारांवर राज्याची भर मिळते. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला 17,500, अनुसूचित जाती-जमातींच्या ग्राहकाला 15 हजार आणि इतरांना 10 हजार रुपये. घरकाम करणाऱ्या मावशी, कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले काका यांना हे माहीत आहे का, विचारून बघा.

तरीही एक मोठा गट बाहेर राहतोच. ज्यांचं छत नाही ते. रूम करून राहणारे विद्यार्थी, भाडेकरू, झोपडपट्टीतली पत्र्याची घरं. फ्लॅटवाल्यांसाठी मात्र एक दार उघडं आहे. सोसायटीने लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांच्यासाठी सोलर बसवलं तर किलोवॅटमागे 18 हजार रुपये मिळतात. पुढच्या सोसायटी मीटिंगमध्ये पार्किंगवरून भांडणं सुरू होण्याआधी हा विषय काढा.

47 डिग्रीत वीज जास्त?

नाही. पॅनलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. पॅनलची क्षमता 25 अंश सेल्सिअसला मोजतात. त्यावर प्रत्येक अंशाला उत्पादन साधारण 0.3 ते 0.4 टक्क्यांनी घटतं. आपल्या मेमध्ये छतावरचं पॅनल 65 अंशांपर्यंत तापलं तर दहा टक्क्यांहून जास्त फटका बसतो. वर धूळ साचते ती वेगळीच. म्हणून पॅनलखाली हवा खेळती ठेवा आणि सकाळी लवकर ते पाण्याने धुवा. स्ट्रक्चर उंच घेतलं तर आईच्या कुरड्यांनाही जागा उरते. आमच्याकडे होकार आला तो याच अटीवर.

थांबू नका

घरोघरी दिसणाऱ्या सोलर वॉटर हीटरवरही एकेकाळी केंद्राचं अनुदान होतं. 2014 मध्ये ते थांबलं. ज्यांनी ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हटलं, त्यांनी नंतर पूर्ण किंमत मोजली. सबसिडी कायमची नसते. कोराडी, खापरखेड्याच्या चिमण्यांची राख मात्र आपल्या जिल्ह्याने वर्षानुवर्षं झेलली आहे. तेव्हा छतावरच्या उन्हाचा हिशेब आपण करायलाच हवा.

अर्जाआधी हे तपासा

• वीजबिलावरचं नाव, आधार आणि बँक खातं एकाच व्यक्तीचं आहे ना?
• जुनी थकबाकी नाही ना?
• विक्रेता योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंदणीकृत आहे का?
• पॅनल आणि त्यातले सेल भारतात बनलेले आहेत का? नसतील तर सबसिडी नाही.
• वर्षभराची बिलं काढून सरासरी वापर बघितला का? विक्रेता सांगेल तेवढे किलोवॅट घेऊ नका.
• शेजारी नवीन मजला चढणार आहे का? सावली पडली तर सगळं गणित बिघडतं.