‘गुड’ आणि ‘वेल’ : अजिंठ्यातील एका वाक्यावरून
अजिंठ्याच्या क्रमांक १ च्या लेण्यातील मंद प्रकाशात ‘पद्मपाणी चांगला दिसतो’ असे म्हटल्यास दोन अर्थ संभवतात : चित्र सुंदर भासते, किंवा ते स्पष्ट दिसते. पहिल्या अर्थी इंग्रजीत ‘लुक्स गुड’ म्हणतात, कारण ‘गुड’ हे विशेषण होय; दुसऱ्या अर्थी ‘कॅन बी सीन वेल’, कारण ‘वेल’ क्रियेची रीत सांगते. मराठीत ‘भिंत चांगली रंगविली’ येथे क्रियाविशेषणही नामाचे लिंगवचन धारण करते. त्यामुळे हा भेद झाकला जातो व विद्यार्थी ‘पेंटेड गुड’ लिहून जातो. अशा वेळी ‘चांगल्या रीतीने’ घालून पाहावे : अर्थ न बदलता ते बसल्यास ‘वेल’, अन्यथा ‘गुड’. प्रकृतीविषयी मात्र ‘वेल’ हे विशेषणच असते. तात्पर्य, विधान चित्राविषयी आहे की पाहण्याविषयी, हे ठरविल्याखेरीज त्याचे भाषांतर संभवत नाही.