वाफ किती वेळ रेंगाळते?

लोणच्याची प्लॅस्टिकची बरणी कितीही घासली तरी वास सोडत नाही. काचेची मात्र लगेच मोकळी होते. ‘प्लॅस्टिक वास धरते’ असे आपण म्हणतो. ही धरून ठेवण्याची ओढ मोजता येते का? वटारमध्ये घरी बसून, जुने शोधनिबंध वाचत मी या प्रश्नाचा माग घेतला.

1952 साली इंग्लंडमध्ये जेम्स आणि मार्टिन यांनी गॅस क्रोमॅटोग्राफीची पद्धत मांडली. वाहत्या वायूबरोबर मिश्रणाची वाफ नळीतून जाते. नळीतल्या थराशी ज्या घटकाची सलगी अधिक, तो उशिरा बाहेर पडतो. येथे थर ओळखीचा, मिश्रण अनोळखी. 1969 मध्ये स्मिड्सरोड आणि गिलेट यांनी पॉलिमर अभ्यासण्यासाठी हाच प्रश्न उलटा केला: वाफ ओळखीची, थर अनोळखी.

तपासायचे पॉलिमर बारीक, निष्क्रिय कणांवर लेपून नळीत भरतात. मग टोल्युइनसारख्या विद्रावकाचा सूक्ष्म अंश आणि मिथेन सोडतात. मिथेन जवळजवळ कुठेच थांबत नाही. म्हणून तो निव्वळ प्रवासाचा वेळ दाखवतो. समजा, मिथेन 1 मिनिटात आणि टोल्युइन 6 मिनिटांत बाहेर आले. म्हणजे टोल्युइन 5 मिनिटे पॉलिमरमध्ये रेंगाळले. वायूचा प्रवाह मिनिटाला 20 मिलिलिटर आणि पॉलिमर 2 ग्रॅम असेल, तर ग्रॅममागे 50 मिलिलिटर. दाब-तापमानाच्या दुरुस्त्या केल्या की या आकड्यावरून फ्लोरी-हगिन्स अंक काढता येतो. तो साधारण 0.5 पेक्षा कमी असेल तर ते विद्रावक त्या पॉलिमरला विरघळवू शकते. जितका जास्त, तितका दुरावा.

पॉलिथिनची रचना मेणासारखी, तेलाशी जुळणारी. म्हणून तेलात मुरणारे वासाचे रेणू त्यात शिरतात. काचेत त्यांना जागाच नसते. पण जे आत शिरते ते बाहेरही येऊ शकते. छपाईच्या शाईतले विद्रावक पाकिटात मुरले, तर पुढे त्याचा अंश अन्नात उतरू शकतो. म्हणूनच आयएस 15495 या भारतीय मानकाच्या 2020 च्या आवृत्तीने अन्नाच्या पाकिटांवरील शाईत टोल्युइन वर्ज्य ठरवले.

या पद्धतीची मर्यादाही ध्यानात ठेवावी. ती ओढ सांगते. अन्नात प्रत्यक्ष किती उतरले, हे सांगत नाही. त्यासाठी वेगळी चाचणी लागते. आमच्या वसईची सुकेळी प्लॅस्टिकच्या पाकिटात भरताना पाकीट चकचकीत आहे का, यापेक्षा या दोन चाचण्यांबद्दल विचारणे अधिक शहाणपणाचे.